सांगोल्याचे आबासाहेब : अकरा विजय, दोन पराभव आणि एकच झेंडा

माणकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

पुतण्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. परवा त्याच्या वहीत एक ओळ दिसली : "महाराष्ट्र विधानसभेवर सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार – गणपतराव देशमुख, सांगोला, शेकाप, ११ वेळा." त्याने ओळ पाठ केली आणि पान उलटलं. मला काही पुढे जाववेना. आमच्या घरात तीन पिढ्यांनी लाल बावट्याला, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप), मत दिलं आणि नव्या पिढीच्या हाती त्यातलं एवढंच उरणार, हे मनाला लागलं. म्हणून हा धागा.

आधी गणपतरावांच्या, म्हणजे आमच्या आबासाहेबांच्या, ठळक गोष्टी. जन्म १० ऑगस्टचा, मोहोळ तालुक्यातलं पेनूर. शिक्षणाने वकील. सांगोल्यातून पहिल्यांदा आमदार झाले १९६२ साली. त्यानंतर १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मोजा, अकरा भरतात. २०१९ ला स्वतःहून थांबले. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले.

आता या यादीत काय नाही ते बघा. १९७२ नाही आणि १९९५ नाही. त्या दोन्ही वेळा ते पडले. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून, १९९५ ला काँग्रेसच्याच शहाजीबापू पाटलांकडून, आणि तेही फक्त १९२ मतांनी.

माझं म्हणणं असं आहे की हा माणूस समजून घ्यायचा तर या दोन पराभवांपाशी थांबायला हवं. निवडून येणारा माणूस पक्षाला धरून राहतो यात नवल नाही. पडल्यावर, आणि तेही आपला पक्ष वर्षागणिक आटत असताना, तोच झेंडा घेऊन तोच माणूस त्याच गावांत परत जातो, ही गोष्ट मला मोठी वाटते. सत्तेतल्या पक्षाची दारं त्या काळात कुणाला बंद नव्हती. शेकापचे किती मोठे लोक काँग्रेसमध्ये गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पक्षाच्या संस्थापकांपैकी केशवराव जेधेसुद्धा परत काँग्रेसमध्ये गेले. सांगोल्याचा आमदार गेला नाही.

ज्यांनी त्या निवडणुका पाहिल्या, प्रचार केला किंवा विरोधात काम केलं, त्या सगळ्यांनी लिहावं. विरोधात काम केलेल्यांनी तर जरूर लिहावं.

---

आकडेमोड

चांगला विषय घेतलात. तुम्ही "पक्ष आटत असताना" म्हणालात, त्याचे आकडे देतो. विधानसभेत शेकापच्या जागा अशा :

१९६२ – १५, १९६७ – १९, १९७२ – ७, १९७८ – १३, १९८० – ९, १९८५ – १३, १९९० – ८, १९९५ – ६, १९९९ – ५, २००४ – २, २००९ – ४, २०१४ – ३.

२००४ चा आकडा परत वाचा. २८८ च्या सभागृहात दोन, आणि त्या दोघांतले एक गणपतराव.

पहिला विजयही त्याच नजरेने बघावा. १९६२ ही संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली निवडणूक. संयुक्त महाराष्ट्र समितीचं मुख्य काम फत्ते झालेलं, घटक पक्ष पांगलेले, यशवंतराव मुख्यमंत्री. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. अशा लाटेत पस्तिशीच्या आसपासचा एक वकील दुष्काळी तालुक्यातून विरोधी पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. त्याचा पाया गावात होता, नाहीतर हे शक्य नव्हतं.

दोन दुरुस्त्याही करतो, कारण चुकीच्या गोष्टी फिरतात. एक, "देशात सर्वाधिक वेळा आमदार" असं बरेच जण लिहितात, ते बरोबर नाही. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. करुणानिधीही तमिळनाडूत १३ वेळा. ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. अकरा हा महाराष्ट्राचा विक्रम आहे. दोन, "५४ वर्षे आमदार" असंही छापून येतं. १९६२ ते २०१९ ही ५७ वर्षं होतात. त्यातून १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ हे खंड वजा केले तर पन्नाशीच्या थोडं वर जातं. मोठ्या माणसाला वाढीव आकड्याची गरज नसते.

---

माणकाठ

आकडेमोड, दुरुस्त्या मान्य. ५४ मीसुद्धा ऐकून होतो, बेरीज कधी करून पाहिली नव्हती. पुतण्यालाही सांगतो.

---

सूतगिरणीवाली

माझी आई सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीत अठरा वर्षं होती. रिंग फ्रेमवर. तीन पाळ्यांत काम, रात्रपाळीला डबा आणि स्वेटर सोबत. घरी आली की तिच्या केसांत कापसाचे तंतू असायचे, ते मी काढायचे. आमची एवढीशी कोरडवाहू जमीन, वडील आजारी. आम्ही तिघी बहिणी त्या पगारावर शिकलो. मी आज पुण्यात नोकरी करते.

आबासाहेबांच्या नावापुढे लोक साधेपणा लिहितात, एसटीचा प्रवास लिहितात. ते खरंच आहे, पण मला कुणी विचारलं तर मी आधी गिरणी सांगेन. ज्या तालुक्यात कापूस नावालासुद्धा नीट पिकत नाही, तिथे सूतगिरणी काढायची आणि ती चालवून दाखवायची. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या किती निघाल्या आणि किती बंद पडल्या ते बघा. कुठे यंत्रं गंजली, कुठे जमिनीचा लिलाव झाला. सांगोल्याची चालत राहिली. आई सांगायची, गिरणीत कापूस कुठल्या भावाने घेतला आणि सूत कुठल्या भावाने गेलं, याचा हिशेब कामगारांनाही माहीत असायचा. संस्था टिकवायची तर हेच करावं लागतं.

निवडणुकीच्या काळात आई सुट्टी टाकून प्रचाराला जायची. तिला कुणी सांगायचं नाही. घरून भाकरी बांधून न्यायची आणि बायकाबायका मिळून वस्त्यांवर फिरायच्या. तिचं म्हणणं एकच असायचं, "गिरणी आपली, आबा आपले."

---

कोरडी_विहीर

भावना समजतात, ताई. पण थोडं विरोधी लिहितो, धागाकर्त्यांनी बोलावलंच आहे.

माझं गाव सांगोला तालुक्याच्या पश्चिमेला. लहानपणापासून टँकर बघितलेत. हंडे रांगेत लावून शाळेत जायचो आणि मधल्या सुट्टीत हंडा पुढे सरकवायला यायचो. उन्हाळ्यात जनावरं चारा छावणीत आणि वडील त्यांच्याबरोबर. हे वर्षानुवर्षं. एकच आमदार पन्नास वर्षं असतो आणि तालुका टँकरवर असतो, तर प्रश्न विचारायचा की नाही? प्रामाणिक होते, साधे होते, सगळं मान्य. पण सत्तेतला आमदार असता तर पाणी वीस वर्षं आधी आलं नसतं का? आमच्या पिढीतल्या कित्येकांनी २०१९ ला याच कारणाने दुसरीकडे मत दिलं. त्यात द्वेष नव्हता. पाणी हवं होतं.

---

डाळिंबवाला

कोरडी_विहीर भाऊ, प्रश्न एकदम रास्त आहे. मीसुद्धा हा प्रश्न माझ्या वडलांना विचारून भांडलेला माणूस आहे. पण नकाशा समोर ठेवून विचार करा.

सांगोल्याच्या शेजारी कोण? आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, मंगळवेढा. या तालुक्यांत कितीदा तरी सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. त्यांना पाणी वीस वर्षं आधी मिळालं का? नाही. सगळ्यांच्या नशिबी तोच टँकर, तीच छावणी. म्हणजे अडचण आमदाराच्या पक्षापेक्षा खोल होती.

आपल्याकडे पाणी यायचे मार्ग मोजके. नीरा उजवा कालवा, पण आपण त्याच्या अगदी शेपटाला. वरच्यांचं भागल्यावर जे येईल ते. राजेवाडीचा इंग्रजांच्या काळातला तलाव, बुद्धेहाळचा तलाव, पण पाऊसच नाही तर तलाव काय करेल? माण नदी वर्षातले किती दिवस वाहते ते तुम्हालाही माहीत आहे. उरली कृष्णा. ती पडली खाली, आपण वर. पाणी उचलूनच आणायला हवं. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलते आणि एकेक टप्पा चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत आपल्याकडे येते. दुसरी म्हैसाळ. या योजना आमदाराच्या फंडातून होत नसतात. हजारो कोटींचं काम आहे.

त्याला जोर कधी आला? बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. ते पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल, ही भीती जेव्हा खरी झाली तेव्हा १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं आणि टेंभूसारखी कामं हाती घेतली गेली. मग पैसे संपले, कामं रेंगाळली.

---

पाणीपरिषद

डाळिंबवाला यांनी लवाद सांगितला, मी रस्त्यावरचं सांगतो.

"आमदार असून काय केलं" याचं उत्तर विधानसभेच्या बाहेर आहे. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायला लागली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर या तिघांनी ती उभी केली. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं यायची. मी कॉलेजात असताना ट्रकच्या हौद्यात बसून गेलोय. मंडपात पंखा नाही, खुर्च्या नाहीत, माणसं जमिनीवर बसलेली आणि समोर बोलणं घनमीटर, उंची, वीज, पंप यांचं. शेतकऱ्याला टीएमसी म्हणजे काय हे मी तिथे शिकलो.

त्या परिषदेची मागणी नीट समजून घेण्यासारखी आहे. "आमच्या तालुक्याला पाणी द्या" एवढ्यावर ती थांबली नाही. समन्यायी वाटप, म्हणजे लाभक्षेत्रातल्या प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा, हा आग्रह होता. ज्याची जमीन कालव्याला लागून, त्याचा ऊस आणि बाकीचे कोरडे, हे नको. एक लक्षात घ्या, अण्णा वाळव्याचे, कृष्णाकाठचे, पाणी असलेल्या भागातले. त्यांनी दुष्काळी भागासाठी उभं राहणं आणि आबांनी आपल्या तालुक्यापलीकडे जाऊन बारा तालुक्यांचं म्हणणं मांडणं, यातून ती ताकद तयार झाली. एकटा सांगोला ओरडला असता तर कुणी वळूनही बघितलं नसतं.

नंतर उचल पाण्याच्या वीजबिलाचा प्रश्न आला. पाणी आलं तरी बिल परवडेना, पंप बंद. त्यातला ८१ टक्के भार शासनाने उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचा, हे ठरेपर्यंत किती मोर्चे गेले असतील. ही झुंज निवडणुकीच्या भाषणात सांगायला सोपी नाही. म्हणून तरुणांपर्यंत पोचली नाही, असं मला वाटतं.

---

कोरडी_विहीर

पाणीपरिषद आणि डाळिंबवाला, दोघांचंही वाचलं. शेजारच्या तालुक्यांचा मुद्दा मी कधी असा मांडून बघितला नव्हता. तो मान्य करतो. तरी माझा एक मुद्दा शिल्लक राहतो : वाट बघण्यात आमची एक पिढी गेली. मुंबई-पुण्याला जी गेली ती परत आली नाही. त्याचा दोष एका माणसाला देत नाही, पण त्याच्या मोठेपणाच्या गोष्टीत या पिढीचंही एक पान असावं.

---

माणकाठ

असावंच. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. तुमच्या प्रतिसादाशिवाय हा धागा अर्धा राहिला असता.

---

खटाऱ्याचा_मतदार

मी अलिबागकडचा. आमच्याकडे शेकाप म्हणजे खटारा, पक्षाचं निवडणूक चिन्ह. घरावर, गोठ्यावर, विहिरीच्या कठड्यावर खटारा रंगवलेला असायचा. सांगोला आमच्यापासून कितीतरी लांब, पण पक्षाच्या अधिवेशनाला माणदेशी पागोटी दिसली की वडील म्हणायचे, "ती बघ, गणपतरावांची माणसं."

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. पक्षनिष्ठा ही फक्त पडल्यावरच कसोटीला लागते असं नाही, मिळालेलं सोडताना जास्त लागते. गणपतराव दोनदा मंत्री झाले. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, तेव्हा आमचे एन. डी. पाटीलही सहकारमंत्री होते. ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. दुसऱ्यांदा १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. चार वर्षं घरी बसून परत निवडून आलेला माणूस, सत्तरी ओलांडलेली, तालुक्याला अखेर सत्तेतला वाटा मिळालेला. आणि २००२ च्या जूनमध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढला. कारण काय? आमच्या रायगडातलं राष्ट्रवादीशी भांडण. जिल्हा परिषदेतल्या राजकारणातून पेटलेलं. भांडण आमचं आणि मंत्रिपद गेलं सांगोल्याचं.

त्या वेळी ते "हे तुमच्या जिल्ह्याचं आहे, मला त्यात ओढू नका" म्हणू शकले असते. पक्षाचा निर्णय झाला, ते बाहेर पडले. रायगडकर म्हणून मला ते ऋण वाटतं. आमच्याकडचे दि. बा. पाटील, ज्यांनी १९८४ च्या उरणच्या लढ्यात प्रकल्पग्रस्तांसाठी डोकं फुटेस्तोवर लढा दिला, तेसुद्धा १९९९ ला पक्ष सोडून शिवसेनेत गेले. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचं मोठेपण वेगळं आहे. पण मग जो राहिला त्याचं वजन जास्त कळतं.

---

आकडेमोड

यात एक भर. पुलोदच्या आधी, १९७७ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. शेकापची ती परंपराच होती, कृष्णराव धुळप १९६२ ते ७२, नंतर दि. बा. पाटील, मग गणपतराव. आज एकच आमदार उरलेल्या पक्षाकडे पंधरा वर्षं विरोधी पक्षनेतेपद होतं हे नव्या लोकांना खरं वाटत नाही.

---

हजेरीपट

रोजगार हमीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी रोहयोच्या कामावर हजेरी घेणारा होतो, आता निवृत्त.

बाहत्तरचा दुष्काळ सुरू झाला तेव्हा गणपतराव आमदार नव्हते, त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडले होते. इंदिराबाईंची लाट, बांगलादेशचं युद्ध जिंकलेलं, काँग्रेसला २७० पैकी २२२. आणि निवडणुकीनंतर पाऊस गेला. आमच्या आईवडलांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. माणसं पाझर तलावाच्या बांधावर राबत होती. सभागृहात त्यांच्या तालुक्यातून त्यांचा जुना माणूस नव्हता. पण बांधावर येत होता, हे मी स्वतः पाहिलंय. १९७४ ची पोटनिवडणूक मी त्या दुष्काळाशी जोडूनच लक्षात ठेवली आहे.

रोजगार हमी योजना मूळची वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यात विसापूरला १९६९ च्या सुमारास सुरुवात झाली. त्याचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. म्हणजे मागेल त्याला काम हे कायद्यात बसलं ते पुलोदच्या काळात लागू झालं. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं पाहिजे, नाहीतर भत्ता. शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून गावच्या मजुराला पगार. जगात अशी गोष्ट फार कुठे नव्हती. आमच्या भागात या योजनेवर बोलणारा आमदार अधिकाऱ्यांना कलम सांगून बोलायचा. वकिलीचा तिथे उपयोग झाला. मस्टर कसं असतं, मापं कशी घेतात, मजुरी का कमी पडते, हे ज्याला ठाऊक त्याच्यासमोर खोटी मापं टिकत नाहीत. मी कनिष्ठ माणूस होतो, पण वरचे साहेब त्यांच्या बैठकीआधी रात्री जागून कागद जुळवायचे, हे डोळ्यांनी पाहिलं.

---

सूतगिरणीवाली

हजेरीपट काका, हे वाचून आजीची आठवण झाली. ती पाझर तलावावर होती. तिच्या हाताला शेवटपर्यंत घट्टे होते.

---

नवमतदार_२४

मी पंचविशीचा. खरं सांगायचं तर सांगोला म्हणलं की बाहेरचे लोक मला २०२२ च्या जूनमधला शहाजीबापूंचा झाडी-डोंगार-हाटील असा फोनच ऐकवतात. तालुक्याची ओळख तेवढीच होऊन बसली याचं वाईट वाटतं. बापू माणूस म्हणून मनमोकळे आहेत, त्यांच्यावर राग नाही, पण त्यांनी आबांशी किती वर्षं झुंज दिली हे त्या फोनच्या पलीकडे कुणाला माहीत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. २०१९ ला आबांनी उभं न राहता नातू अनिकेत यांना उभं केलं, ते ७६८ मतांनी पडले, बापू जिंकले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, २५ हजारांहून जास्त मतांनी बापूंना हरवून निवडून आले. आणि तेही शेकापकडूनच, राज्यात पक्षाचा एकमेव आमदार. ज्या माणसाने आयुष्यभर तत्त्वाचं राजकारण केलं त्याच्यानंतर घरातलाच माणूस, हे बरोबर आहे का? मला अजून ठरवता आलेलं नाही. मत मी दिलं, पण प्रश्न राहिला.

---

पाणीपरिषद

प्रश्न प्रामाणिक आहे. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. घराणेशाहीची खूण म्हणजे सत्तेच्या मागे जाणारं घर. इथे नातवाने पडल्यानंतरही पक्ष बदलला नाही आणि त्याच झेंड्याखाली दुसऱ्या नातवाने परत लढत दिली. तरीही मी असंही म्हणेन की पक्षात दुसरी फळी उभी राहायला हवी होती. पन्नास वर्षांत गावागावांत इतके कार्यकर्ते घडले, त्यांतला एखादा पुढे यायला हरकत नव्हती. ही उणीव आहे आणि आम्हा कार्यकर्त्यांचीही आहे. आम्ही सगळे "आबा आहेत ना" म्हणत बसलो.

---

डाळिंबवाला

शेवटच्या काही निवडणुकांत राष्ट्रवादीची साथ होती हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. २०१४ ला पंच्याऐंशी ओलांडलेली असताना ते २५ हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले, त्यात त्या साथीचा वाटा होता. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा पवार आणि फडणवीस एका मंचावर होते. मी गर्दीत उभा होतो. दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवत होते.

डाळिंबाचं सांगायचं राहिलं. माझी बाग भगव्या वाणाची, ठिबकवर, शेततळ्याच्या भरवशावर. तेल्याने दोनदा बाग खाल्ली, मर रोगाने एकदा. तरी कमी पाण्यात पैसा देणारं हेच पीक आहे आणि सांगोल्याचा माल देशात ओळखला जातो. टेंभूचं पाणी कालव्याला आलं त्या वर्षी वडील चप्पल काढून पाण्यात उतरले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

---

माणकाठ

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक गोष्ट मात्र अजून कुणी लिहिली नाही. १९९५. शिवसेना-भाजपची सत्ता आली ती निवडणूक, आणि सांगोल्यात काँग्रेस जिंकली, १९२ मतांनी. शंभराच्या आसपास गावांचा तालुका, म्हणजे गावामागे दोन मतं. तेव्हा मतपत्रिका होत्या, मोजणी रात्रभर चाललेली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही एवढंच आठवतं. त्या निवडणुकीचं काम केलेलं कुणी आहे का?

---

फडावरचा

सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. पण हे लिहायला हवं.

आमच्या वस्तीवरचे लोक ऊसतोडीला जातात. १९९५ चं मतदान फेब्रुवारीत होतं. फेब्रुवारी म्हणजे पट्टा पडायला, गळीत हंगाम संपायला, अवकाश, कारखाना ऐन जोरात. आमच्या वस्तीवरची सतरा-अठरा माणसं सांगली जिल्ह्यात फडावर होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता खाली ठेवून गावाला जाता येत नव्हतं. त्या वेळी वडील फडावर होते, आई होती, मी पाचटावर झोपलेलं पोर होतो. वडील कट्टर लाल बावटा. निकाल त्यांना दोन दिवसांनी कळला, गाडीवानाकडून. १९२ आकडा ऐकला आणि वडलांनी बोटांवर आमच्या वस्तीची माणसं मोजली, मग शेजारच्या वस्तीची, मग पलीकडच्या गावची. त्या सगळ्यांनी आबांनाच मत दिलं असतं असं मी म्हणत नाही. दुसरीकडचेही होते. पण वडलांचं मोजणं थांबेना. त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढची चार वर्षं आबा आमदार नव्हते. पण आमच्या वस्तीवर लग्न असो, मयत असो, ते यायचे ते यायचेच. एकदा रेशनच्या कागदाचं काम अडलं होतं, तेव्हा वडील त्यांच्याकडे गेले. "आता मी आमदार नाही" असं काही उत्तर मिळालं नाही. अर्ज लिहून मिळाला, तो घेऊन वडील कचेरीत गेले आणि काम झालं.

१९९९ चं मतदान सप्टेंबरात आलं. टोळ्या अजून निघाल्या नव्हत्या. वडील पहाटे उठून आंघोळ करून, केंद्र उघडायच्या आधी शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. रांगेत पहिले.